तहानेनं राखलेलं रान

कान्हेरीच्या बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याचं एक टाकं असतं. ओट्याच्या शेजारी, काळ्या दगडात खोल कोरलेलं. वरच्या कातळावर बारीक पन्हळी काढलेल्या दिसतात, पावसाचं पाणी उतारावरून निसटून न जाता टाक्यात यावं म्हणून. शिलालेखांत कल्याणचे, सोपाऱ्याचे दाते आपण काय दान दिलं ते नोंदवून ठेवतात, आणि त्यात लेण्याच्या जोडीनं एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: पोढी. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. भिक्खूला खोली द्यायची तर पाणीही द्यायला हवं, हा हिशेब त्या दात्यांना नीट कळत होता. इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेली ही वस्ती हजारएक वर्षं या डोंगरावर टिकली, ती या टाक्यांच्या जिवावर. काळ्या कातळाचा डोंगर म्हणून कृष्णगिरी, आणि कृष्णगिरीचंच पुढे कान्हेरी झालं.

आज लेण्यांच्या माथ्यावर उभं राहिलं की खाली सगळं रानच दिसतं, आणि रानाच्या कडेनं इमारतींचं कुंपण. पश्चिमेला बोरिवली-कांदिवली, पूर्वेला मुलुंड-भांडुप, वर ठाणे. २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात गेलेल्या शहराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, त्यात बिबटे आहेत, आणि सकाळी त्याच्या दारात फिरायला येणाऱ्या मंडळींना यात फार काही विचित्र वाटत नाही. हे रान उरलं कसं, असं विचारलं तर उत्तर मिळतं की राष्ट्रीय उद्यान आहे ना! पण उद्यानाचा कायदा आला १९५० मध्ये. त्याच्या आधीची शंभर वर्षं, म्हणजे ज्या काळात मुंबईनं खाड्या भरल्या आणि टेकड्या फोडल्या, त्या काळात या डोंगरांना कुणी हात का लावला नाही? माझ्या मते त्याचं उत्तर वनखात्याच्या दप्तरात सापडणार नाही. ते पाणीखात्याच्या दप्तरात आहे.

मुंबई बेटाला नदी नव्हती. विहिरी होत्या, तळी होती. दानशूर शेटजींनी तळी बांधली आणि लोकांनी त्यांना नावं दिली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी, खारा तलाव. मुंबईचा एक नियमच आहे की ज्या ठिकाणाच्या नावात तलाव असतो तिथं तलाव नसतो. बाणगंगेसारखा अपवाद सोडला तर बहुतेक सगळे पुढं बुजवले गेले. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहर याच पाण्यावर जगत होतं आणि पाऊस लांबला की तडफडत होतं. १८५० च्या दशकात अशी पाळी आली की गुरं शहराबाहेर माहीमच्या बाजूला हलवावी लागली आणि होड्यांतून, गाड्यांतून पाणी आणून विहिरींत ओतावं लागलं. विहिरीत पाणी ओतायचं! यावरून टंचाईची कल्पना यावी.

शहर वाढत मात्र होतं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८६४ च्या खानेसुमारीत माणसं मोजली गेली ८,१६,५६२. तोवर कापसाची तेजी ऐन भरात होती आणि ही गर्दी बरीचशी त्या तेजीनंच ओढून आणलेली होती. पण तेजी येण्याच्या आधीच सरकारला पाण्याचा विचार करणं भाग पडलं होतं. हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअरनं सुचवलं की पाणी बेटावर शोधत बसू नका, उत्तरेला साष्टीच्या डोंगरात जा. तिथं मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घातला तर तलाव होईल, आणि उंचीवरून पाणी आपसूक नळानं शहरात उतरेल.

साष्टी त्या वेळी मुंबई नव्हती. वसईच्या मोहिमेच्या काळात, १७३०च्या दशकात, मराठ्यांनी ती पोर्तुगीजांकडून घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि सालबाईच्या तहानं ती त्यांच्याकडे कायम झाली. भाताची खाचरं, ताडीची झाडं, कोळीवाडे, ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची गावठाणं, डोंगरात वारल्यांचे आणि मल्हार कोळ्यांचे पाडे. मुंबईकराच्या लेखी हा सगळा मुलूख हवापालटाचा आणि शिकारीचा. १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पूर्ण झालं. तीन मातीचे बांध, त्यामागं साठलेलं पाणी, आणि तिथून शहरापर्यंत लोखंडी नळ. जुन्या इंग्रजी कागदांत या तलावाचं नाव 'वेहार' असं येतं. शहरानं आपल्या हद्दीबाहेर जाऊन दुसऱ्याच्या रानातलं पाणी आणण्याची ही पहिली वेळ. तेव्हापासून मुंबईचा हात जो लांबत गेला तो तानसा, वैतरणा, भातसा असा शंभर किलोमीटरवर पोचला, आणि तिथल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तेव्हा त्यांच्या उशाजवळून मुंबईचे नळ जात असतात. तो वेगळा आणि कडू विषय आहे.

विहार पुरेना म्हणून वरच्या अंगाला तुळशी बांधला; ते काम १८७९ मध्ये संपलं. तरीही पुरेना म्हणून विहारच्या दक्षिणेला पवई झाला, १८९१ मध्ये. हे तीन तलाव एकमेकांना लागून आहेत, पण त्यांचं नशीब फार निराळं निघालं, आणि या सगळ्या गोष्टीची मेख तिथंच आहे.

पवईचं पाणी चांगलं नव्हतं. पिण्यालायक नाही म्हणून ते लवकरच सोडून दिलं गेलं; १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं आणि पवईची गरजच उरली नाही. विहार आणि तुळशी मात्र पिण्याच्या पाण्याचे तलाव म्हणून चालू राहिले. पिण्याच्या पाण्याचा एक साधा नियम असतो: ज्या उतारावरून पाणी तलावात येतं तिथं वस्ती नको, नांगर नको, गुरं नकोत, घाण नको. विहार-तुळशीचा पाणलोट असा राखला गेला. झाडांवर कुणाचं प्रेम होतं म्हणून नव्हे. कॉलऱ्यानं पोळलेल्या शहराला नळाचं पाणी स्वच्छ हवं होतं म्हणून. पवईच्या पाणलोटाला असा कुणी वाली राहिला नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी पवईच्या काठी आली, ऐंशीच्या दशकापासून टेकड्या कापून उंच इमारतींच्या वसाहती आल्या, तलावात सांडपाणी आणि जलपर्णी आली. मधल्या एका डोंगरवळणाच्या अलीकडे काँक्रीट आणि पलीकडे बिबट्याचं रान. पाऊस तोच, कातळ तोच, अंतर चालत जाण्याइतकं. एकाचं पाणी माणसं पीत होती आणि दुसऱ्याचं पीत नव्हती, एवढाच काय तो फरक.

स्वातंत्र्य आलं तेव्हा शहर माहीम-सायनच्या खाड्या ओलांडून साष्टीत पसरलेलंच होतं. १९४८ मध्ये महापालिकेचे इंजिनिअर ना. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. उपनगरं नीट आखावीत, लांब उपनगरी शहरं वसवावीत, मध्ये मोकळी जागा राखावी असा त्याचा सूर होता. आराखडे मुंबईत पुष्कळ झाले आहेत. ते वाचताना फार बरं वाटतं. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख मुंबई झाला. एकेकाळी शहराबाहेरचं असलेलं रान आता शहराच्या मधोमध आलं, जागचं न हलता. गंमत अशी की ज्या मोडकांनी शहर कसं वाढावं ते लिहिलं, त्यांच्याच नावानं वैतरणेवरचा मोडकसागर ओळखला जातो. तो भरू लागला आणि विहार-तुळशीचं महत्त्व आणखी घसरलं. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी मावतं. त्यात विहारचं २७,६९८ आणि तुळशीचं ८,०४६. दोन्ही मिळून शंभरात जेमतेम अडीच.

म्हणजे ज्या तहानेनं हे रान राखलं ती तहान दुसरीकडे भागू लागली होती. नेमक्या त्याच सुमाराला १९५० चा मुंबई राष्ट्रीय उद्यान कायदा आला आणि कान्हेरीच्या भोवतालचा थोडा भाग कृष्णगिरी उद्यान झाला. पुढं त्यात भर पडत गेली, तलावांचे पाणलोट जोडले गेले, नावं बदलली: कृष्णगिरीचं बोरिवली, बोरिवलीचं संजय गांधी. रान वाचण्याचं कारण एक आणि वाचल्यावर लागलेली पाटी दुसरी, असं झालं. पाण्याला मुंबईत कुणी हरकत घेत नाही, पण पाटीला घेतात.

पाण्यापाठोपाठ आणखी एका गरजेनं थोडं रान राखलं, आणि ती गरज दुधाची.

चाळिशीच्या दशकात मुंबईतल्या भर वस्तीत म्हशींचे तबेले होते. शेण, मूत, माशा, आणि पाणी घातलेलं दूध. दारा खुरोडी या दुग्धआयुक्तांनी हे तबेले शहराबाहेर एका जागी हलवायचं ठरवलं. १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेला, विहारच्या पश्चिम उतारावर, आरे दुग्धवसाहत सुरू झाली. जवळजवळ तेराशे हेक्टर जमीन. गोठे, गवताची कुरणं, दोन्ही बाजूंना झाडं लावलेले वळणावळणाचे रस्ते. पंडित नेहरू येऊन गेले, परदेशी पाहुण्यांना इथं आणायची पद्धत पडली, आणि छोटा काश्मीर नावाच्या बागेत हिंदी सिनेमाच्या नायक-नायिकांनी अर्धं आयुष्य काढलं. १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत खुरोडींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज कुरियन सगळ्यांना ठाऊक आहेत आणि खुरोडी मुंबईतही कुणाला आठवत नाहीत. आरेच्या रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्यांनाही नाही.

आरेची जमीन घेतली तेव्हा ती रिकामी होती असं धरलं गेलं. सरकारी कागदात 'रिकामी' या शब्दाला मोठी जागा आहे. प्रत्यक्षात तिथं पाडे होते. आरेत आजही सत्तावीस आदिवासी पाडे सांगितले जातात. हे लोक भात लावत, भाजी पिकवत, करवंदं, मोहाची फुलं गोळा करत, गोरेगाव स्टेशनबाहेर टोपलीत भाजी विकायला बसत. पाड्याच्या वेशीवर वाघोबाची मूर्ती असते आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला तिची पूजा होते. मूर्तीत वाघ असला तरी इथं खराखुरा फिरतो तो बिबट्या. वारल्यांना हे कळत नाही असं समजू नये. त्याच्याशी एकदा नातं जोडलं की जनावराची जात मोजत बसायचं नसतं.

दूधवसाहतीचं राज्य काही काळ चाललं आणि मग तिच्या जमिनीचे तुकडे पडू लागले. १९७७ मध्ये चित्रनगरी आली. राज्य राखीव पोलीस दल, पशुवैद्यकीय महाविद्यालय, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर फोर्स वन हे कमांडो पथक. प्रत्येक मागणी रास्त. पोलिसांना जागा नको का? महाविद्यालय नको का? आरेच्या बाबतीत हेच पुन्हा पुन्हा घडत गेलं. राज्याला काही उभारायचं असलं आणि पैसे देऊन जमीन घ्यायची नसली की नकाशात हिरवा तुकडा दिसायचा. गुरांसाठी राखलेली जमीन गुरांना तेवढीशी लागत नाही असं दिसल्यावर ती पुन्हा 'रिकामी' ठरली.

उद्यानाच्या कडेनंही माणसं सरकत आली होती. त्यात झोपडपट्टी होती, दगडखाणी होत्या, आणि कागदपत्रं व्यवस्थित असलेल्या इमारतीही होत्या. बोट मात्र नेहमी झोपडपट्टीकडेच गेलं. १९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपनं उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये न्यायालयानं अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. त्यानंतरची तीन-चार वर्षं उद्यानाच्या कडेला बुलडोझर फिरले. हजारो घरं पाडली गेली. १९९५ च्या आधीचे पुरावे असलेल्यांना आधी लांब कल्याणकडची जागा दाखवली गेली. जिथं काम होतं तिथून तासनतास दूर. निवारा हक्क सुरक्षा समितीनं बराच झगडा दिल्यावर त्यातल्या हजारो कुटुंबांना चांदिवलीला इमारतींत घरं मिळाली. रान वाचवणारे आणि घर वाचवणारे, दोघेही त्या काळात एकमेकांना शत्रू मानत होते. मला वाटतं, शहराला तेव्हा स्वस्त घरं वेळेवर बांधता आली असती तर हा खटला उभाच राहिला नसता. गरिबाला राहायला जागा न देणारं शहर रानात घुसणारच, आणि मग रान वाचवायला न्यायालय लागणार.

जून २००४ मध्ये आणखी एक अरिष्ट कोसळलं. त्या एका महिन्यात बिबट्यांनी दहाच्या आसपास माणसं मारली. वर्तमानपत्रांनी नरभक्षकांचा कहर मांडला, पिंजरे लागले. पुढं विद्या अत्रेय आणि इतरांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून एक गोष्ट पुढं आली: एका ठिकाणचे बिबटे पकडून दुसरीकडे सोडले की हल्ले वाढतात. जनावर बिथरतं, परक्या जागी भटकतं, माणसाच्या जवळ येतं. बोरिवलीच्या रानातही बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले गेले होते. रान म्हणजे नको असलेली जनावरं टाकायची अडगळीची खोली, असाच तोही विचार. २०११ पासून वनखात्यानं अभ्यासकांना आणि मुंबईकरांना सोबत घेऊन निराळं काम सुरू केलं: कचरा उचला, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या, लहान मुलांना अंधारात एकटं पाठवू नका, बिबट्या दिसला म्हणून पिंजरा मागू नका. कंटाळवाणं, रोजचं काम. पण हल्ले कमी झाले. २०१५ मध्ये कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आसपास मिळून ३५ बिबटे निघाले, २०१८ मध्ये ४७.

ते हल्ले आणि हे काम यांच्या मध्ये २६ जुलै २००५ येतो.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस कुठल्याच शहराला झेपला नसता, हे खरंच. पण पाणी कुठं तुंबलं, हेही बघायला हवं. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यांतून सुरू होते आणि अठराएक किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. आरेतून बाहेर पडल्यावर तिच्या वाट्याला काय आलं? दोन्ही काठांना कारखाने आणि झोपड्या. मग विमानतळ: धावपट्टी लांबवताना नदीलाच वळवलं, काटकोनात. पुढं कुर्ल्याची गर्दी. त्यापुढं जिथं ती पसरून भरतीचं पाणी पोटात घेई ती खाजणं आणि तिवरांची दलदल. तिथं १९७७ पासून एमएमआरडीएनं भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं, सुमारे ३७० हेक्टर. तोंडाशी १८४५ चा माहीमचा बंधारा-रस्ता आधीपासूनच होता. शहरातली जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटी असताना, अशा हिशेबानं बांधलेली. ते वाढवून ५० करावं असं ब्रिमस्टोवॅड अहवालानं १९९३ मध्येच सांगितलं होतं. तो अहवाल बारा वर्षं कपाटात होता.

पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या पुरापर्यंत मिठीला मुंबईत बहुतेक जण नाला म्हणत होते. पुरात माणसं दगावल्यावर तिला नदीचा मान परत मिळाला. आता तिच्यासाठी प्राधिकरण आलं, रुंदीकरण आलं, गाळ आला, गाळाची कंत्राटं आली, आणि कंत्राटांच्या चौकशाही आल्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वांद्रे-कुर्ला संकुलाला लागून, धारावीच्या कडेला, मिठीच्या काठी जुनी कचराभूमी होती. त्या कचऱ्यावर माती टाकून लोकांनी झाडं लावली आणि १९९४ मध्ये तिथं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उघडलं. पंधराएक हेक्टर. आज तिथं पक्षी बघायला शाळेची मुलं येतात. एका काठाला दलदल बुजवून काचेच्या इमारती, दुसऱ्या काठाला कचरा झाकून रान. दोन्ही एकाच शहरानं, एकाच नदीवर, एकाच वीस वर्षांत केलं.

आरेचा शेवटचा मोठा तंटा मेट्रोचा. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मेट्रो ३ जमिनीखालून नेण्यात येणार होती आणि तिच्या गाड्यांसाठी कारशेड हवी होती. जागा ठरली आरेतली, प्रजापूर पाड्याजवळची, मिठीच्या काठची तीसेक हेक्टर. २०१४-१५ पासून विरोध सुरू झाला. त्याच सुमाराला मुंबईच्या नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यात आरेचा मोठा भाग बांधकामाला खुला करायचं सुचवलं होतं. चुकांनी भरलेला तो मसुदा एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाला, पण आरेबद्दल शहराच्या मनात काय आहे ते तोवर उघड झालं होतं. २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं तेव्हा आरेतला १६५ हेक्टरचा तुकडा त्यातून वगळलेला होता.

या वादात दोन्ही बाजू पर्यावरणाचंच नाव घेत होत्या, हे विशेष. मेट्रोनं मोटारी कमी होतील, धूर कमी होईल, असं एक बाजू म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला मेट्रो नको असं कोण म्हणेल? दुसरी बाजू मेट्रोला विरोध करतच नव्हती. शेड इथंच का, एवढाच तिचा प्रश्न होता. पण 'झाडं हवीत की मेट्रो' असं चित्र रंगवायला सोपं होतं आणि ते रंगवलं गेलं. आरे जंगल आहे की नाही यावर न्यायालयात कीस पाडला गेला. कागदावर ती दुग्धवसाहत, म्हणून जंगल नाही. तिथं बिबट्याची मादी व्यालेली चालते, तिथल्या एका नव्यानं शोधलेल्या विंचवाच्या शास्त्रीय नावात 'आरेएन्सिस' हा शब्द आलेला चालतो, पण सातबाऱ्यावर जंगल लिहिलेलं नसलं की ते जंगल नसतं.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. बातमी फोनवरून पसरली, लोक अंधारात आरेकडे धावले, जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयानं कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन तोड थांबवायला सांगितलं. तोवर २,१४१ झाडं पडली होती. परवानगी होती त्यातली जवळजवळ सगळी. दोन रात्रींत एवढं काम सरकारी यंत्रणेनं करून दाखवलं. जी यंत्रणा नालेसफाई जूनपर्यंत संपवत नाही तीच ही.

पुढचा प्रवास राजकारणाच्या लाटांबरोबर वरखाली झाला. सरकार बदललं, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, नोव्हेंबर २०१९ मध्ये शेडला स्थगिती मिळाली. २०२० मध्ये शेड कांजूरमार्गला न्यायची घोषणा झाली आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन ठरली. कांजूरच्या मिठागरांच्या जमिनीवर केंद्राचा दावा निघाला आणि ते काम न्यायालयात अडकलं. जून २०२२ च्या अखेरीस पुन्हा सरकार बदललं आणि शेड पुन्हा आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी १७७ झाडं तोडू दिली, पण मेट्रो महामंडळानं मर्यादा ओलांडून परवानगी मागितली म्हणून त्याला दहा लाखांचा दंड ठोठावला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या टप्प्याचं उद्घाटन झालं. झाडं पडली त्या रात्रीला जेमतेम पाच वर्षं झाली होती. गाडी थंडगार आहे, वेळेवर येते, आणि मिठीच्या उगमाच्या जवळून निघून तिच्याच खाजणावर उभारलेल्या संकुलात उतरवते. नदीला जायला लागते त्याहून पुष्कळ कमी वेळात.

तंट्याच्या धुरळ्यात ८०० एकर राखीव वन मात्र पदरात पडलं. ती जमीन एका सही-शिक्क्यानं दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. पाड्यांतल्या लोकांच्या वनहक्काचं काय, हा प्रश्न त्याच शिक्क्यानं नव्यानं सुरू झाला. आणि उद्यानाखालून आता जुळे बोगदे जात आहेत: एक जोडी गोरेगावहून मुलुंडला, दुसरी बोरिवलीहून ठाण्याला. रानाच्या वर काही बांधता येत नाही म्हणून खालून.

दर पावसाळ्यात एके दिवशी महापालिका कळवते की विहार ओसंडून वाहू लागला. वर्तमानपत्रात फोटो येतो, पाण्यावर पांढरा फेस. मुंबईच्या पाण्याच्या हिशेबात या बातमीला आता फार किंमत नाही. लोक भातसा किती भरला ते बघतात. सांडव्यावरून पडलेलं ते पाणी आरेच्या गवतातून वाहतं, शेडच्या भिंतीला वळसा घालतं, पवईच्या पाण्याला भेटतं, मरोळ-साकीनाक्याला काळं होतं, धावपट्टीच्या खालून वाट काढतं, कुर्ल्याच्या पुलांखालून, काचेच्या इमारतींच्या मागून आणि कचऱ्यावर उगवलेल्या त्या झाडांच्या शेजारून जात माहीमच्या खाडीत पोचतं. तिथं भरती लागलेली असली तर थांबतं.